अपेक्षित आणि अनपेक्षित : अवधानाच्या शोधाची कथा

भिंतीवर लंबकाचें घड्याळ टांगलेलें असावें, घरांतील माणसें आपापल्या उद्योगांत गढलेलीं असावींत, आणि त्या घड्याळाची टिकटिक दिवसभर चालूं असूनहि ती कोणाच्या ध्यानांत येऊं नये, हा अनुभव जुन्या घरांतून राहिलेल्या प्रत्येकास आहे. परंतु किल्ली द्यावयाची राहून गेली आणि तेंच घड्याळ बंद पडलें, कीं वाचीत बसलेला गृहस्थ पुस्तकांतून मान वर करतो आणि स्वयंपाकघरांतून कोणी तरी विचारतें, 'घड्याळ थांबलें का हो?' आवाज होता तोंवर तो ऐकूं आला नाहीं. तो नाहींसा होतांच त्याचा अभाव मात्र ऐकूं आला! जें कानांवर पडत होतें त्याच्याकडे मनानें पाठ फिरविली, आणि जें पडलेंच नाहीं त्याच्याकडे तें धांवून गेलें. हें कसें घडतें?

मनुष्याचें लक्ष अपेक्षित गोष्टीची वाट कशी पाहतें, आणि अनपेक्षित गोष्ट तें कसें खेंचून घेते, या प्रश्नाचा उलगडा करण्यांत शास्त्रज्ञांचीं दोनशें वर्षें खर्ची पडलीं आहेत. त्या शोधाची कथाहि एका घड्याळाच्या टिकटिकीपासूनच सुरू होते, आणि तिच्या आरंभीं एका तरुण साहाय्यकाची नोकरी गेलेली आहे.

इंग्लंडांतील ग्रिनिच येथील राजवेधशाळेचे प्रमुख म्हणून नेव्हिल मॅस्केलीन हे १७६५ सालापासून काम पाहात होते. भर समुद्रांत जहाजाचें रेखांश काढण्यास उपयोगी पडणारें नाविक पंचांग त्यांनींच सुरू केलें, आणि त्या पंचांगाचा सारा भरंवसा आकाशांतील ज्योतींच्या अचूक वेधांवर होता. वेध घेण्याची त्या वेळची रीत अशी : दुर्बिणीच्या दृष्टिक्षेत्रांत बारीक उभे तंतू ताणलेले असत. वेध घेणारा प्रथम शेजारच्या घड्याळांतील वेळ पाहून ठेवी आणि मग डोळा दुर्बिणीस लावून घड्याळाचे ठोके कानांनीं मोजीत राही. तारा सरकत सरकत तंतूजवळ येई. एका ठोक्याच्या वेळीं तो तंतूच्या अलीकडे किती होता आणि पुढल्या ठोक्याच्या वेळीं पलीकडे किती गेला, हें मनांत धरून सेकंदाचा दहावा भाग अंदाजानें ठरवावयाचा. डोळा ताऱ्यावर आणि कान ठोक्यावर, अशी ही दुहेरी कसरत होती. ती बिनचूक आहे याविषयीं कोणाला शंका नव्हती.

१७९४ सालीं डेव्हिड किनेब्रूक नांवाचा तरुण मॅस्केलीन यांचा साहाय्यक झाला. त्या वर्षभर त्याचे वेध गुरूच्या वेधांशीं चांगले जुळत होते. परंतु १७९५ च्या ऑगस्टपासून किनेब्रूकनें नोंदविलेली वेळ अर्ध्या सेकंदानें मागें पडूं लागली, आणि १७९६ च्या जानेवारींत हें अंतर सेकंदाच्या आठ दशांशांपर्यंत वाढलें. एवढ्याशा अवधींत काय बिघडतें असें कोणास वाटेल. परंतु विषुववृत्तावरील जमीन पृथ्वीच्या फिरण्याबरोबर तेवढ्या वेळांत सुमारें ३७० मीटर पुढें गेलेली असते. ज्याच्या आधारावर जहाजें हांकावयाचीं त्या शास्त्राला ही चूक परवडणारी नव्हती. साहाय्यक कांहीं तरी स्वतःच्या भलत्याच पद्धतीनें वेध घेऊं लागला आहे, आणि तो आतां सुधारणें कठीण, असें मॅस्केलीन यांचें मत झालें. इतर कामांत तो मेहनती व उपयोगी होता आणि त्याला दूर करतांना आपणांस वाईट वाटत आहे, असेंहि त्यांनीं वेधशाळेच्या वृत्तांत लिहून ठेवलें. तरीहि किनेब्रूकला जावें लागलें. १८०२ सालीं तो अकालीं मरण पावला. आपलें काय चुकलें हें त्याला अखेरपर्यंत कळलें नसावें. कारण तें त्या वेळीं जगांत कोणालाच ठाऊक नव्हतें.

या प्रकरणाकडे पुन्हां लक्ष गेलें तें वीस वर्षांनीं. प्रशियांतील क्यॉनिग्जबर्ग येथील ज्योतिषी फ्रीड्रिख बेसेल यांनीं १८१६ च्या सुमारास ग्रिनिचची ही हकीकत वाचली. बेसेल हे अत्यंत काटेकोर गणिती. ज्या मनुष्याला चूक दाखवून दिली आहे आणि ती सुधारण्यांतच ज्याचा स्वार्थ आहे, तो जाणूनबुजून तीच चूक करीत राहील, हें त्यांच्या बुद्धीला पटेना. म्हणून त्यांनीं निरनिराळ्या नामांकित ज्योतिष्यांचे वेध स्वतःच्या वेधांशीं ताडून पाहिले. तेव्हां असें दिसून आलें कीं दोन कसलेल्या निरीक्षकांमध्येंहि एक सेकंदाहून अधिक फरक सातत्यानें पडतो. ज्याच्यासाठीं किनेब्रूक दोषी ठरला, त्याहून मोठा फरक खुद्द बेसेल आणि त्यांचे विद्वान स्नेही यांच्यामध्यें निघाला! या फरकास पुढें 'वैयक्तिक समीकरण' असें नांव मिळालें, आणि प्रत्येक निरीक्षकाचा आंकडा काढून तो हिशेबांत धरण्याची चाल पडली. आळस किंवा अनास्था म्हणून ज्याची गणना झाली होती, तें मनुष्यस्वभावाचें एक परिमाण ठरलें.

परंतु परिमाण सांपडलें म्हणजे कारण सांपडलें असें नव्हे. डोळ्यानें पाहिलेली आणि कानानें ऐकलेली गोष्ट तत्क्षणीं मनाला कळते, असा त्या काळीं सर्वसाधारण समज होता. मज्जातंतूंतून जाणाऱ्या संदेशाचा वेग कधीं मोजतांच येणार नाहीं, असें योहानेस म्यूलर यांच्यासारख्या थोर शरीरशास्त्रज्ञासहि वाटत असे. त्यांचेच शिष्य हेर्मान हेल्महोल्ट्झ यांनीं १८५० सालीं बेडकाच्या मज्जातंतूवर प्रयोग करून तो वेग मोजला. तो विजेच्या वेगाच्या आसपासहि नव्हता. दर सेकंदास अवघा तीस मीटरांच्या घरांत होता. म्हणजे मनाच्या व्यापारांना वेळ लागतो, आणि तो मोजतां येतो, हें सिद्ध झालें.

याच मार्गानें विल्हेल्म वुंट हे १८६१ च्या सुमारास ग्रिनिचच्या कोड्याकडे वळले. त्यांनीं ज्योतिष्यांची दुहेरी कसरत आपल्या खोलींत आणली. लंबकाबरोबर एक काटा अंशांकित पट्टीवरून फिरे, आणि फिरतां फिरतां एका ठराविक जागीं घंटेचा ठोका पडे. ठोका पडला तेव्हां काटा कोठें होता, एवढेंच सांगावयाचें. वुंट यांना स्वतःच्याच बाबतींत आढळून आलें कीं काट्याची सांगितलेली जागा आणि खरी जागा एक नसते. नाद आणि दृश्य हीं दोन्ही एकाच क्षणीं मनांत उतरत नाहींत. एक आधीं येतें आणि दुसरें मागून. ज्याच्याकडे मन अगोदरच लागून राहिलेलें असतें तें आधीं जाणवतें, हा नियम पुढील संशोधनांतून पक्का होत गेला. एका निरीक्षकाचें मन ठोक्याची वाट पाहतें, दुसऱ्याचें ताऱ्याची. आणि त्या वाट पाहण्यांतूनच त्यांच्या वेळांत अंतर पडतें, असा वुंट यांच्या मताचा अर्थ होता. पुढें १८७९ सालीं लाइप्झिग येथें त्यांनीं मानसशास्त्राची प्रयोगशाळा स्थापन केली, आणि आधुनिक प्रायोगिक मानसशास्त्राचा जन्म बहुतेक इतिहासकार त्याच वर्षापासून धरतात.

येथें आपल्याकडील न्यायशास्त्राचें स्मरण होणें स्वाभाविक आहे. मन हें अणुरूप असून एका वेळीं एकाच इंद्रियाशीं त्याचा संयोग होतो, म्हणून अनेक ज्ञानें एकदम उत्पन्न होत नाहींत, असा नैयायिकांचा सिद्धान्त होता. तो त्यांनीं अनुमानानें मांडला होता. वुंट यांनीं त्याच प्रश्नाला लंबक आणि घंटा लावून पाहिली. दोघांचे मार्ग भिन्न आहेत आणि अणुरूप मन आतां कोणी मानीत नाहीं. परंतु अवधानाचें पात्र अरुंद आहे, ही जाणीव किती जुनी आहे तें यावरून दिसतें.

हेल्महोल्ट्झ यांनीं याहि विषयांत एक सुंदर प्रयोग केला. एका काळोख्या पेटींत अक्षरें छापलेला कागद ठेवून त्यांनीं आपली दृष्टि मधल्या एका प्रकाशबिंदूवर खिळविली. मग विजेची ठिणगी पाडून सारीं अक्षरें निमिषमात्र उजळलीं. तेवढ्या वेळांत डोळा हलविणें अशक्य. परंतु कागदाच्या कोणत्या भागाकडे लक्ष द्यावयाचें हें त्यांनीं आधींच मनांत ठरविलें असेल, तर नजर मध्यावर असूनहि त्या भागांतील अक्षरें त्यांना वाचतां येत. इतर भागांतील येत नसत. म्हणजे पाहणें आणि लक्ष देणें या दोन क्रिया निराळ्या आहेत. डोळा एकीकडे असतां लक्ष दुसरीकडे पाठवितां येतें, आणि तें घटना घडण्यापूर्वींच पाठवितां येतें. अपेक्षा ही अवधानाची पुढें धाडलेली हरकारी आहे.

आतांपर्यंतचा विचार अपेक्षेचा झाला. आश्चर्याची बाजू उघड झाली ती रशियांत, आणि तीहि एका अडचणींतून. इव्हान पाव्हलोव यांचे कुत्र्यांवरील प्रयोग प्रसिद्ध आहेत. घंटा वाजली कीं अन्न मिळतें हें एकदां कुत्र्याला कळलें, म्हणजे नुसत्या घंटेनें त्याच्या तोंडाला पाणी सुटतें. एखाद्या साहाय्यकानें असा कुत्रा तयार करून गुरूंना तो पाहण्यास मोठ्या उत्साहानें बोलवावें, आणि पाव्हलोव खोलींत येतांच प्रयोग फसावा, असें पुनःपुन्हां होऊं लागलें. कुत्र्याचें घंटेकडे लक्षच नसे. तो कान टंवकारून या नव्या पाहुण्याकडे पाहात राही. दुसऱ्या कोणीं साहाय्यकावर ठपका ठेवला असता. पाव्हलोव यांनीं या अडथळ्यालाच शास्त्राचा विषय केला. भोंवतालीं कांहींहि नवें घडलें कीं प्राणी मान, डोळे व कान तिकडे वळवितो. या उपजत प्रतिक्रियेला त्यांनीं 'हें काय आहे?' अशी प्रतिक्रिया म्हटलें. ही नसेल तर प्राण्याचें आयुष्य पदोपदीं धोक्यांत येईल, आणि मनुष्याची जिज्ञासा, किंबहुना त्याचें विज्ञान, याच प्रतिक्रियेचें उन्नत रूप आहे, असें त्यांचें म्हणणें होतें.

मग दुसरें महायुद्ध आलें, आणि अवधानाचा प्रश्न प्रयोगशाळेंतून निघून जीवनमरणाच्या पटावर जाऊन बसला. ब्रिटिश विमानांतून रडारच्या पडद्यावर शत्रूच्या पाणबुड्यांची खूण शोधणारे तरुण तासन् तास एकाच पडद्याकडे टक लावून बसत. खूण क्वचितच उमटे, आणि उमटली तरी ती नजरेंतून सुटे. हे तरुण निवडलेले व शिकविलेले होते, आणि खूण चुकली तर आपलींच जहाजें बुडतील हें त्यांना माहीत होतें. त्यांना बेफिकीर म्हणणें शक्य नव्हतें. केंब्रिजच्या नॉर्मन मॅकवर्थ यांनीं या कामाची एक प्रतिकृति बनविली. कोऱ्या तबकडीवर एक काटा दर सेकंदास एक पाऊल पुढें सरके. मधूनच केव्हां तरी तो एका उडींत दोन पावलें जाई. तेवढी उडी पकडून कळ दाबावयाची. प्रयोग दोन तासांचा. १९४८ सालीं प्रसिद्ध झालेला त्याचा निष्कर्ष असा, कीं पहिल्या अर्ध्या तासानंतरच निसटणाऱ्या उड्यांचें प्रमाण स्पष्टपणें वाढतें. दर अर्ध्या तासानें माणूस बदलला तर कार्यक्षमता टिकते. कामाच्या मध्यावर दूरध्वनीवरून 'जरा अधिक नीट पाहा' एवढा निरोप आला तरी ती कांहीं काळ परत येते. म्हणजे उणीव इच्छेची नव्हती. बराच वेळ कांहींच घडलें नाहीं, कीं आतां कांहीं घडणारच नाहीं अशी अपेक्षा मेंदू आंतल्या आंत बांधूं लागतो, आणि मनुष्याची प्रतिज्ञा त्याला थोपवूं शकत नाहीं.

घरांतील थांबलेल्या घड्याळाचें कोडें सोडविण्याचें श्रेय बहुतांशीं मॉस्को येथील येवगेनी सोकोलोव यांना द्यावें लागतें. पाव्हलोव यांची ती 'हें काय आहे?' प्रतिक्रिया एकच आवाज वरचेवर ऐकविला तर मंदावते आणि अखेर नाहींशी होते, हें माहीत होतें. मेंदू थकतो म्हणून असें होतें, असें कोणी म्हणेल. सोकोलोव यांनीं १९६० च्या आसपास दाखविलें कीं ती थकावट नव्हे. प्रतिक्रिया मंदावल्यावर तोच आवाज थोडा हळू केला, तर ती पुन्हां जागृत होते! मेंदू थकला असता तर हळू आवाजानें तो कसा जागा होईल? आवाज अपुरा तोडला तरी ती येते. एवढेंच नव्हे, तर ठराविक अंतरानें येणारा आवाज एकदां आलाच नाहीं, तर ज्या क्षणीं तो यावयाचा त्या क्षणीं ती येते. यावरून सोकोलोव यांनीं असा सिद्धान्त मांडला, कीं भोंवतालच्या घटनांची एक प्रतिमा मेंदू सतत तयार करीत असतो. प्रत्यक्ष घटना त्या प्रतिमेशीं जुळली तर तिला मुकाट्यानें आंत सोडतो. जुळली नाहीं तर नौबत वाजवितो. टिकटिक ऐकूं येत नाहीं ती मेंदू ऐकत नाहीं म्हणून नव्हे. तो इतका नीट ऐकत असतो, कीं पुढची टिकटिक त्याला आधींच ठाऊक असते.

हा सिद्धान्त बाह्य लक्षणांवरून बांधलेला होता. मेंदूच्या आंत डोकावण्याचें साधन त्यापूर्वींच हातीं आलेलें होतें. जर्मनींतील जेना येथील हान्स बर्गर यांनीं १९२४ सालीं मनुष्याच्या डोक्यावरून मेंदूच्या विद्युत्-लहरींची नोंद घेतली आणि १९२९ सालीं ती प्रसिद्ध केली. मनुष्य डोळे मिटून स्वस्थ बसला असतां सेकंदास सुमारें दहा या गतीनें उठणाऱ्या लहरी, डोळे उघडतांच किंवा मन एकाग्र होतांच, मावळतात असें त्यांना दिसलें. परंतु एकेका आवाजाला मेंदूनें दिलेलें उत्तर फार सूक्ष्म असल्यामुळें या लहरींच्या गलबल्यांत तें हरवून जाई. तोच आवाज शेंकडों वेळां ऐकवून सर्व नोंदींची सरासरी काढण्याची युक्ति पुढें निघाली, तेव्हां तें दिसूं लागलें.

१९६४ सालीं ब्रिस्टल येथील ग्रे वॉल्टर यांनीं असा प्रयोग केला : आधीं एक 'टक्' असा आवाज, त्यानंतर क्षणभरानें दिव्याची उघडझाप, आणि ती दिसतांच कळ दाबावयाची. आवाज आणि दिवा यांच्या मधल्या अवधींत, जेव्हां बाहेर कांहींच घडत नसतें, तेव्हां मेंदूच्या पुढल्या भागावर एक संथ विद्युत्-लहर चढत जाते आणि दिवा लागतांच उतरते. हेल्महोल्ट्झ यांनीं अंधारांत बसून जी अपेक्षा मनांत अनुभवली होती, तिची रेघ आतां कागदावर उमटली. पुढल्याच वर्षीं न्यूयॉर्क येथील सॅम्युएल सटन व त्यांचे सहकारी यांनीं आश्चर्याची रेघ काढली. आतां आवाज होणार कीं प्रकाश पडणार, हें आधीं ठाऊक नसेल, तर घटना घडल्यापासून सेकंदाच्या सुमारें तीन दशांशांनीं मेंदूंत एक मोठी लहर उठते. घटना जितकी विरळ तितकी ती मोठी. अपेक्षित असलेला आवाज झालाच नाहीं, तरीहि ती उठते, हें त्यांनीं १९६७ सालीं दाखविलें. नुसती शांतता हीसुद्धां मेंदूला वार्ता असूं शकते.

याहून नवल वाटावें असा शोध फिनलंडचे रिस्टो नाटानेन व त्यांचे सहकारी यांनीं १९७८ सालीं प्रसिद्ध केला. एकसारख्या सुरांच्या मालिकेंत मधूनच एक निराळा सूर ऐकविला असतां, ऐकणाऱ्याचें लक्ष पुस्तकांत किंवा इतरत्र गुंतलेलें असलें तरी, सेकंदाच्या एक ते अडीच दशांशांच्या आंत मेंदू त्या विसंगतीची नोंद घेतो. मनुष्याला त्याचा पत्ताहि नसतो. धनी कामांत गढलेला असतां दारावरचा पहारेकरी प्रत्येक येणाऱ्याचें तोंड ओळखीचें आहे कीं नाहीं हें पाहात असावा, तसा हा प्रकार आहे.

हे दोन व्यवहार, म्हणजे अपेक्षेनें लक्ष पुढें पाठविणें आणि आश्चर्यानें तें मागें वळणें, मेंदूंत कोठें चालतात? १९८० सालीं अमेरिकेंतील मायकेल पोझ्नर यांनीं पहिल्या व्यवहाराचा जमाखर्च मांडला. ठिणगी डावीकडे पडेल कीं उजवीकडे, याची आगाऊ सूचना दिली आणि ती खरी ठरली, तर मनुष्याचें उत्तर लवकर येतें; सूचना खोटी ठरली तर तें उशिरा येतें. म्हणजे अपेक्षेचा लाभ आहे तसा तिचा दंडहि आहे. पुढें मेंदूचीं चित्रें घेण्याचीं साधनें आलीं. त्यांच्या आधारें मौरित्सिओ कोर्बेटा आणि गॉर्डन शुल्मन यांनीं २००२ सालीं असें मत मांडलें, कीं यासाठीं मेंदूंत दोन मंडलें आहेत. एक कपाळामागील आणि माथ्याखालील भागांस जोडणारें. तें हेतुपूर्वक लक्ष देतें. दुसरें विशेषेंकरून उजव्या बाजूस, कानाच्या वरच्या मागल्या भागांत. महत्त्वाची अनपेक्षित गोष्ट घडली कीं तें पहिल्याच्या कामांत खंड पाडून लक्ष तिकडे वळवितें. उजव्या बाजूच्या या भागास रक्तस्रावानें किंवा रक्त तुटल्यानें इजा झाली, तर कित्येक रोगी जगाची डावी बाजू जणूं नाहींच अशा रीतीनें वागतात. ताटांतील उजवीकडचें तेवढें जेवून डावीकडचें तसेंच ठेवतात. डोळा शाबूत असतो. अवधान गेलेलें असतें.

अपेक्षेचा दंड किती जबर असतो, याचे पुरावे अलीकडच्या काळांत पुष्कळ मिळाले आहेत. डॅनिएल सायमन्स व ख्रिस्तोफर चाब्री यांनीं १९९९ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत प्रेक्षकांना एका चित्रफितींतील चेंडूच्या फेंकी मोजावयास सांगितलें होतें. खेळाडूंच्या मधून गोरिलाचा वेष घेतलेलें एक माणूस चालत गेलें, तें सुमारें अर्ध्या प्रेक्षकांना दिसलेंच नाहीं. २००५ सालीं जेरेमी वुल्फ व त्यांचे सहकारी यांनीं सामानाच्या चित्रांतून विवक्षित वस्तु शोधण्याचें काम लोकांना दिलें. निम्म्या चित्रांत ती वस्तु असली तेव्हां ७ टक्के वेळां ती नजरेंतून सुटली. शंभरांत एकाच चित्रांत असली तेव्हां ३० टक्के वेळां सुटली. २०१३ सालच्या एका प्रयोगांत छातीच्या क्ष-किरणचित्रांच्या मालिकेंत गोरिलाचें लहानसें चित्र मुद्दाम घातलें होतें. फुप्फुसांतील गांठी शोधण्यांत मुरलेल्या २४ तज्ज्ञांपैकीं २० जणांना तें दिसलें नाहीं. हे तज्ज्ञ आळशी नव्हते. ज्या गोष्टीसाठीं त्यांनीं आपलें लक्ष घडविलें होतें, ती गोष्ट ते शोधीत होते.

विरळ संकटावर पाळत ठेवण्याचें काम आज जगांत पूर्वीपेक्षां पुष्कळ वाढलें आहे. विमानतळावर सामान तपासणारे, रोग्याच्या यंत्रांकडे रात्रभर पाहणाऱ्या परिचारिका, आगगाडीचे चालक, वीजकेंद्रांतील नियंत्रक, या सर्वांचें काम असें, कीं बहुतेक दिवस कांहीं घडत नाहीं आणि एखाद्या दिवशीं घडलें तर तें चुकतां कामा नये. अशा ठिकाणीं चूक झाली म्हणजे 'लक्ष कोठें होतें?' असा प्रश्न येतो, आणि तो बहुधा प्रश्न नसून निकाल असतो. या दोनशें वर्षांच्या इतिहासानें त्या प्रश्नाला निराळें उत्तर सुचविलें आहे. कामाच्या पाळ्या लहान ठेवाव्या, माणसें वेळेवर बदलावीं, आणि अपेक्षा विझूं देऊं नये. कित्येक विमानतळांवर तपासणीच्या यंत्रांत मधूनमधून शस्त्रांचीं खोटीं चित्रें मुद्दाम दाखविलीं जातात, तीं याचसाठीं. निष्काळजीपणा जगांत नाहीं असें याचा अर्थ नव्हे. परंतु निष्काळजीपणा कोणता आणि मेंदूचा धर्म कोणता, हें पाहिल्यावांचून शिक्षा सांगणें मात्र न्यायाचें होत नाहीं.

या शोधाचा आणखी एक उपयोग आहे, आणि तो अत्यंत हृदयस्पर्शी आहे. अपघातानें किंवा झटक्यानें बेशुद्ध होऊन पडलेल्या मनुष्याच्या उशाशीं बसलेल्या आप्तांना एकच गोष्ट हवी असते : हा शुद्धीवर येईल का? त्याचे डोळे मिटलेले, हांक मारली तर ओ नाहीं. १९९० नंतरच्या दशकांत कांहीं रुग्णालयांतून अशा रोग्यांच्या कानांत एकसारखे सूर आणि मध्येंच एक निराळा सूर सोडून मेंदूच्या लहरी तपासण्यांत आल्या. ज्यांच्या मेंदूनें त्या निराळ्या सुराची नोंद घेतली, त्यांच्यापैकीं पुष्कळजण पुढें शुद्धीवर आल्याचें आढळलें. नोंद दिसली नाहीं म्हणजे आशा संपली असें मात्र यावरून म्हणतां येत नाहीं. परंतु जेथें ती दिसते, तेथें त्या निश्चल देहाच्या आंत मेंदू अजूनहि पुढच्या सुराची अपेक्षा करीत आहे, आणि ती भंगतांच दचकत आहे, एवढें निश्चित कळतें. उशाशीं बसलेल्यांना तेवढा आधारहि थोडा नसतो.

ग्रिनिचच्या वेधशाळेंत घड्याळाचे ठोके मोजीत बसलेल्या त्या तरुणाच्या चुकीपासून ही वाट निघाली. किनेब्रूकच्या नांवावर कोणताहि शोध नाहीं. ज्योतिषाच्या इतिहासांत त्याचा उल्लेख येतो तो नोकरींतून काढलेला साहाय्यक म्हणून. परंतु त्याची ती आठ दशांश सेकंदांची चूक मॅस्केलीन यांनीं प्रामाणिकपणें लिहून ठेवली, बेसेल यांनीं ती विश्वासानें वाचली, आणि तिच्यामागें मनुष्याचा दोष न शोधतां कारण शोधलें. तसें झालें नसतें, तर मनुष्याच्या अवधानाचें मोजमाप सुरू होण्यास आणखी किती काळ लागला असता, तें सांगणें कठीण आहे.